तू बसशील ते कापड

रिहे, तालुका मुळशी
आश्विन शुद्ध तृतीया, शके १८८०

चि. वाल्मीक यास सगुणाअक्काचा आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. मी तुझी समजूत घालायलाही लिहीत नाही, तेव्हा फाडायची घाई करू नकोस. काम आहे, कामापुरते लिहिते.

आमच्या ओटीवरचा कोच तुला आठवत असेल. धरणावरचा गोरा साहेब विलायतेला परतला तेव्हा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यातून मामंजींनी तो बैलगाडीत घालून आणला होता. साऱ्या खोऱ्यात कोच असलेले घर आमचे एकच. मामंजी आल्यागेल्याला अजून ते सांगतात, पण सांगण्यासारखे आता त्यात काही उरले नाही. मखमल उंदरांनी नेली, एका कोपऱ्यात कोंबडी खुडूक बसते, आणि मधली स्प्रिंग मान वर काढून बघत असते. परवा तलाठी भाऊसाहेब त्यावर बसले आणि 'अगं आई' म्हणून उठले. हसू आवरायला मला आत पळावे लागले.

माझ्या चंद्राचे लग्न ठरले आहे. लवळ्याचे घर आहे, मुलगा शाळेत मास्तर. मार्गशीर्षात बार उडवायचा. लवळ्याची माणसे ओटीवर बसणार म्हणजे कोच नीट करायलाच हवा. मामंजी म्हणाले, "पुण्यास्नं कारागीर आणू." मी म्हटले, "घरचा कारागीर असताना भाइरचा कशाला?" त्यावर ते नुसते खोकले.

का खोकले ते तुला ठाऊक आहे. माझ्या धाकट्याच्या बारशाच्या पंगतीत याच तोंडाने ते म्हणाले होते, "पाटलाचं प्वार सायबाच्या बुडाखालच्या गाद्या शिवतंय, आन् हितं मानाच्या पानावर बसतंय." तू भरल्या पानावरून उठलास. मी "बस, जेव" म्हटले ते तू उपाशी जाऊ नयेस म्हणून, आणि मी त्यांची बाजू घेतली असा भलताच अर्थ घेऊन तू गेलास तो आजतागायत. साहेबाचा कोच लिलावात घ्यायची लाज नाही आणि कोच शिवणाऱ्याची लाज! हे मी त्यांना तोंडावर ऐकवले होते. तू तोवर ओढा ओलांडून गेला होतास.

असो. कोणी सांगत होते, पुण्याच्या लष्कर भागात आता तुझे स्वतःचे दुकान झाले आहे. पाटी निळी, वर पिवळी अक्षरे, आपल्या आबांचे नाव ठसठशीत. कानाजवळचे तुझे केस पिकले म्हणे. तोंडात खिळे धरून काम करतोस आणि शेजारी चहा निवत राहतो. कोण सांगत होते ते विचारू नकोस, माणसे येत-जात असतात.

कोचाची लांबी माझ्या हाताने चार हात आणि वर एक वीत, पाठ दीड हात. माझा हात केवढा ते तुला वेगळे सांगायला नको, लहानपणी पाठीत पुष्कळ खाल्लेस. कापडाचे नमुने पाठव.

सगुणा


रिहे
आश्विन वद्य द्वितीया

चि. वाल्मीक,

पाकीट मिळाले. आत टाचणीला चार तुकडे, चिठ्ठी नाही. चालेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आपण दोघे एकाच सुंभाचे आहोत.

तुझे नमुने मी नुसते हाताने चाचपून पाहिले असे समजू नकोस. तुमच्या लष्करात माणसे बोटांनी कापड चोळतात, मान हलवतात आणि घेऊन जातात. इथे कोचाला माणसांखेरीज कोंबडी, मांजर, खळे आणि आषाढ सोसायचा आहे. म्हणून मी एकेकाला कामाला लावले.

लाल मखमल मामंजींना आवडली, कारण साहेबाचीही लालच होती. हळव्या भाताची झोडणी चालली आहे, तेव्हा तुकडा खळ्याच्या मेढीला टांगून ठेवला. संध्याकाळी बघते तर कोंडा असा रुतून बसलेला की झटकून निघेना. शिवाय आषाढात आमच्या भिंतींना शेवाळ धरते, तिथे मखमलीला काय काय धरेल! मखमल बाद.

तपकिरी रेक्झिन तुझ्या दाजींनी पसंत केले. पुसले की साफ, म्हणाले. मी तो तुकडा भर दुपारी अंगणात ठेवला आणि आमचा गडी गोमा उघड्या अंगाने भारा टाकून बसला होता, त्याच्या पाठीला लावला. असा उडाला! "बाई, डागलं की वो मला! म्यां काय खोंड हाय?" मग गूळपाणी देऊन त्याची समजूत काढली. तुझे दाजी आता रेक्झिनचे नाव काढत नाहीत.

गुलाबाच्या फुलांचे चंद्राने उराशी धरले. रिठ्याच्या पाण्यात एकदा धुतले आणि कुंपणावर वाळत घातले, तर गुलाबाचे कोबी झाले. पोरगी हिरमुसली. मी म्हटले, सासरी जाण्याआधी कळले ते बरे, जे दुकानात खुलते ते घरात टिकतेच असे नाही.

राहिले निळ्या पट्ट्यांचे. ते दाराच्या उंबऱ्याशी खिळ्यांनी ठोकून ठेवले. येणारा-जाणारा तुडवून गेला, रेडकू तुडवून गेले, कापड हटले नाही. मी खूश होते. तेवढ्यात माझी जाऊ लीलाबाई म्हणाली, "चांगलं हाय, पर पौडाच्या दवाखान्यातली खाटच दिसंल बगा." एकदा म्हटल्यावर मलाही तेच दिसू लागले. तिच्या जिभेला हाड नाही, पण नजर वाईट नाही.

तेव्हा चारही नापास. दुसरे पाठव.

सगुणा


रिहे
आश्विन वद्य दशमी

चि. वाल्मीक,

पुन्हा चार तुकडे, पुन्हा चिठ्ठी नाही. यावेळी मी एकही तुकडा टांगला नाही की तुडवला नाही. सगळे हातात घेऊन ओटीवर बसले आणि विचार केला.

मी आतापर्यंत काय करत होते? साहेबाला काय शोभले असते, लवळ्याच्या विहीणबाईंना काय आवडेल, मामंजींच्या मनात काय आहे, हेच बघत होते. ही सगळी माणसे येतील, बसतील, उठून जातील. कोच राहणार माझ्या ओटीवर, आणि त्यावर हात तुझा फिरणार. म्हणून आता एकच सांगते. साहेब बसेल ते नको, व्याही बसेल ते नको. माझ्या ओटीवर येऊन तू बसशील ते कापड पाठव. नमुना नको, एकदम ताकाच पाठव. तुझी निवड मी बघणारही नाही.

भाऊबीज जवळ आली म्हणून हे लिहिते असे समजू नकोस. पण विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. तू येईनासा झालास तेव्हापासून दर भाऊबीजेला लीलाबाई मला म्हणते, "भाऊ येत न्हाई तर चांदोबाला ववाळा की. चाल हाय तशी. ताट तसंच ठेवू न्हाई." चाल मलाही ठाऊक आहे. ज्या बाईला भाऊ नाही तिने आकाशातल्या चांदोबाला ओवाळावे. मला भाऊ आहे. निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांनी आपल्या बापाचे नाव लावणारा भाऊ आहे. मी काय म्हणून चांदोबाला ओवाळू? दर वर्षी ताट लावते, निरांजन पेटवते, ओटीवर ठेवते. ते आपले आपण शांत होते. मग मी ताट आत नेते आणि जेवते. रडत नाही. लीलाबाई काही सांगत आली तर विश्वास ठेवू नकोस.

सगुणा


कार्ड
रिहे, कार्तिक शुद्ध तृतीया

कापड पोचले.

सगुणा


रिहे
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

चि. वाल्मीक,

कार्डाला उत्तर नाही. मीही उत्तर मागितले नव्हते.

भाऊबीजेच्या दिवशी घोटवड्याचा नथू खांद्यावर गठ्ठा घेऊन अंगणात आला तेव्हा मी दारात होते. गठ्ठ्यामागून माणूस येतो आहे असे वाटले म्हणून वाटेकडे बघत राहिले. नथू म्हणाला, "वाल्मीकनं एवढंच दिलंय. निरोप काय न्हाई." त्या दिवशी कापड आले आणि भाऊ आला नाही. म्हणून कार्ड तेवढेच लिहिले. त्याहून जास्त लिहिले असते तर ते तुला सोसले नसते.

आता लग्न तोंडावर आले आहे. काल मामंजींनी पौडहून एक खोगीर शिवणारा बोलावून आणला. घोड्याचे खोगीर जमते त्याला कोच जमेल, असा हिशेब. गडी बिचारा हत्यारे घेऊन आला. मी त्याला चहा दिला, भाकरी खाऊ घातली आणि म्हटले, "बाबा, हे काम दिल्यालं हाय."

मामंजींनी विचारले, "कुणाला?"

"माज्या भावाला."

"पर त्यो येतुया कुटं?"

"यील."

"आन् न्हाई आला तर?"

"तर लवळ्याचं पावनं स्प्रिंगांवर बसतील. मी सांगीन त्यास्नी, माजा भाऊ यायचाय अजून."

खोगीरवाला भाकरी बांधून घेऊन गेला. मामंजी काठी टेकत मागच्या पडवीत गेले ते दिवे लागेपर्यंत पुढे आले नाहीत. रागावले असतील. रागावू देत.

लीलाबाईने आणखी एक तोड काढली आहे. चंद्राच्या पाठीशी मामा म्हणून तिचा भाऊ उभा राहील आणि मामाची पिवळी साडीही तोच नेसवील. भाऊ चांगला आहे तिचा, माझे काही म्हणणे नाही. पण माझ्या लेकीला उसना मामा नको. अंतरपाटाशी मामाची जागा मोकळी राहिली तर मोकळी राहील. सारे गाव बघेल, बघू दे. मोकळी जागा कुणाची आहे हे तरी गावाला कळेल.

आणि तुझा गठ्ठा आला तसा कोचावर पडून आहे. मी उलगडून बघितलेला नाही. तुझी निवड बघणार नाही म्हटले होते, ते पाळले. दोरीसुद्धा सोडलेली नाही. चंद्रा रोज विचारते, "आई, रंग तरी बगू?" हात लावू दिला नाही. ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडावी.

सगुणा


रिहे
पौष शुद्ध षष्ठी

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

तू लग्नाच्या संध्याकाळीच शेवटची गाडी गाठलीस. दुकान बंद ठेवून चालत नाही, हे कारण मी मान्य केले आहे असे दाखवले होते. आता घर रिकामे झाले, चंद्रा मांडवपरतणीला येऊन गेली, आणि मला बसून लिहायला सवड झाली.

तू आलास त्या दुपारचे तुला काय सांगायचे! पाणी न पिता, वहाणाही न काढता सरळ गठ्ठ्याकडे गेलास, आणि गाठ तशीच आहे का ते चाचपून बघितलेस. मग दोरी सोडलीस आणि कापडाच्या घडीतून हिरवा खण काढून माझ्या हातात दिलास. "अक्का, म्यां समजलो तू खण बगून बी मनातनं परत टाकलास." भाऊबीजेची ओवाळणी गठ्ठ्यात घालून तू लष्करात वाट बघत होतास की अक्काचे दोन शब्द येतील. आणि अक्काचे कार्ड गेले, कापड पोचले! माझे शेवटचे पत्र वाचेपर्यंत तुला कळले नाही की दोरीच सुटलेली नाही. यात चूक कोणाची ते काढू नकोस. मीही काढत नाही.

कापडाबद्दल तेव्हा बोलायचे राहिले. आता सांगते. जाड हातमागाचे, पिकल्या भाताच्या रंगाचे. त्यावर कोंडा उडाला तरी दिसत नाही, उन्हात तापत नाही, धुतले तर जाण्यासारखे फूल नाही, आणि दवाखान्यातले तर कुणी म्हणणारच नाही. माझी पत्रे तू शब्द न् शब्द वाचलीस तर! धुळीच्या धोतराने बसणाऱ्यालाही लाज वाटू नये असे कापड. लीलाबाईसुद्धा हात फिरवून गप्प बसली. ती गप्प बसली, हे लिहून ठेवण्यासारखे आहे.

काम संपले त्या संध्याकाळी मी तुला त्यावर पहिल्यांदा बसवून ओवाळले. मामंजी म्हणाले, "मार्गशीर्षात कसली गं बीज?" मी काय म्हणाले ते तू ऐकलेस, तरी पुन्हा लिहिते, कारण मला ते फार आवडले. "ज्या दिशी भाऊ येतो त्या दिशी बीज, मामंजी." चंद्राच्या पाठीशी तू उभा राहिलास तेव्हा माझी मान अशी ताठ होती की दुसऱ्या दिवशी दुखत होती.

पण आता तुला ठाऊक नसलेले सांगते. त्यासाठीच हे पत्र.

कोचाचे जुने पितळी खिळे, फुलांच्या टोप्यांचे, तू एकेक उपटून टाकत होतास. नवीन आणायला विसरलास म्हणून कपाळाला हात लावलास. दुसऱ्या सकाळी ते सगळे तुला लखलखीत घासून वाटीत ठेवलेले मिळाले, आणि तू मला म्हणालास, "अक्का, सोन्याचं केलंस की." मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. वाल्मीक, मी त्यांना हात लावला नव्हता. मामंजींनी ते भुईवरून वेचले. त्यांना आता नीट दिसत नाही, तळहात फिरवून फिरवून वेचले. मागच्या पडवीत चिंच आणि राख घेऊन बसले आणि एकेक घासला. बोटे सोलवटली होती. मी जवळ गेले तर म्हणाले, "त्याला सांगू नगंस. काम मोडंल त्याचं."

मग तू तोंडात खिळे धरून ठोकत होतास. तोंडात खिळे असले म्हणजे बोलावे लागत नाही, हे मी ओळखले बरे. तू न बघता मागे हात करायचास आणि वाटी हाताशी असायची. काम जसजसे पुढे जाई तसतशी वाटी पुढे सरकत होती. तुला वाटले मी सरकवते आहे. मी चुलीपाशी होते. तुझ्या पाठीमागे भुईवर ते बसले होते, हैबतराव, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला हाताखाली घेतले, कुणाच्या हाताखाली बसले नाहीत.

लग्नात विहीणबाईंनी कोचावरून हात फिरवून मला विचारले, पुण्यातल्या कोणत्या दुकानात केला? मी तोंड उघडायच्या आत मामंजी म्हणाले, "दुकान कसलं? आमच्या सूनबाईचा भाऊ हाय. कारागीर हाय. लष्करात पाटी हाय त्याची." पाटीचे त्यांना मी सांगितले होते. आणि मला कोणी सांगितले नव्हते. चंद्राचा शालू घ्यायला पुण्याला आले होते तेव्हा मीच तुझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, हातात पिशवी धरून उभी होते. आत आले नाही. भावाने बहिणीच्या दारात आधी यायचे असते. पण पाटी दोनदा वाचली.

हे सगळे खरे असले तरी एक राहिले. लग्नाच्या पंगतीत तू बसला नाहीस. वाढप्यांत शिरलास, जिलेबीचे ताट घेऊन फिरलास, साऱ्या गावाला आग्रह केलास आणि स्वतः ओटीवर माझ्या हातची भाकरी खाऊन गेलास. तुला वाटले कुणाच्या ध्यानात आले नाही. मामंजींनी आपल्या उजव्या हाताला, मानाच्या जागी, एक पान मांडून ठेवले होते. कुणाला बसू दिले नाही. ते तसेच राहिले, आणि ते स्वतः दोन घास ताकभात खाऊन उठले.

तेव्हापासून तुझ्या कोचावर सारे गाव बसून गेले, मामंजी बसलेले नाहीत. ओटीच्या जोत्यावर पोते टाकून बसतात. काल मी म्हटले, "मामंजी, थंडीचं जोत्यावर कशाला? कोच हाय की." तर म्हणाले, "कागद आन्." त्यांना सहीपुरते लिहिता येते. माझ्याकडून लिहून घेतले नाही, एकेक अक्षर विचारून विचारून स्वतःच लिहिले. दिवेलागणीपर्यंत लागले. खाली आहे ते त्यांच्या हातचे.

सगुणा

वाल्मीकराव पान मांडलं हाय. तुमी जेवल्याबिगर म्यां कोचावर बसत न्हाई.
हैबतराव